स्वातंत्र्यानंतरचा पहिला पगार कोणत्या नोटांत?

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नाचा या सदरात मागे ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. स्वातंत्र्य असावे की नसावे यावर वाद घालणारी पत्रे मी बाजूला ठेवली आहेत, कारण तो निर्णय तिथल्या रहिवाशांचा आहे. व्यवहाराविषयी विचारणारी चार पत्रे मात्र येथे घेत आहे.

प्रश्न : माझा मुलगा ॲबर्डीन येथे समुद्रातील तेलविहिरींना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. २०१४ साली सार्वमत झाले तेव्हा भारतीय पासपोर्ट असूनही त्याला मतदान करता आले. मतदानापूर्वी त्याने मला फोनवर सांगितले होते की, स्वतंत्र झाल्यास माणशी वर्षाला १,४०० पौंडांचा फटका बसेल असे लंडनचे सरकार म्हणते आणि माणशी १,००० पौंडांचा लाभ होईल असे एडिंबरोचे, म्हणजे स्कॉटलंडचे स्वतःचे, सरकार म्हणते. दोन्हीकडे अर्थतज्ज्ञ आहेत. मग सामान्य माणसाने असले हिशेब तपासायचे तरी कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी मतदानाबद्दल. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात वास्तव्य हा निकष होता, जन्म नव्हता. त्यामुळे रीतसर परवान्याने तेथे राहणाऱ्या भारतीयांसह राष्ट्रकुलातील नागरिकांना मत होते आणि ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये संसार थाटलेल्या स्कॉटिश माणसाला ते नव्हते. सोळा वर्षांची मुलेही मतदार होती. ज्यांना परिणाम भोगायचे त्यांनी ठरवावे, हे तत्त्व मला रास्त वाटते. मतदान ८४.६ टक्के झाले आणि निकाल ५५.३ टक्के विरुद्ध ४४.७ टक्के असा स्वातंत्र्याच्या विरोधात गेला.

आपण लिहिता ते दोन्ही आकडे एकाच दिवशी, २८ मे २०१४ रोजी, जाहीर झाले. ते एकमेकांना खोडणारे वाटतात, पण मुळात ती एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हती. लंडनच्या अर्थखात्याने असे धरले होते की, तेल आटत जाईल, वृद्धांची संख्या वाढेल, नव्या देशाला कर्जावर अधिक व्याज मोजावे लागेल आणि राज्ययंत्रणा उभारण्याचा खर्च अंगावर पडेल. एडिंबरोच्या सरकारने पंधरा वर्षांनंतरचे चित्र काढले आणि त्यात उत्पादकता वाढेल, रोजगारात असणाऱ्यांचे प्रमाण वाढेल, बाहेरून कामाची माणसे येतील असे गृहीत धरले. एकाने पुढच्या पिढीचे कर्तृत्व शून्य मानले आणि दुसऱ्याने ते आधीच जमेच्या बाजूला मांडून टाकले.

आकडे कसे घडवले जातात याचा एक नमुना त्याच आठवड्यात पाहायला मिळाला. नव्या राज्ययंत्रणेच्या उभारणीला २७० कोटी पौंड लागतील असे अर्थखात्याकडून पत्रकारांना सांगण्यात आले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक पॅट्रिक डनलेव्ही यांच्या संशोधनानुसार एक नवे सरकारी खाते उभारायला सुमारे दीड कोटी पौंड खर्च येतो. त्या आकड्याला १८० सरकारी संस्थांनी गुणून ही रक्कम काढलेली होती. आपल्या संशोधनाचा हा विपर्यास आहे, असे खुद्द डनलेव्ही यांनी जाहीरपणे सांगितले. स्कॉटलंडमध्ये शिक्षण, आरोग्य, पोलीस, न्यायालये ही यंत्रणा आधीपासूनच स्वतंत्र आहे, आणि कोणतेही राष्ट्र आपली सगळी खाती शून्यापासून एकाच वर्षी उभारत नाही. सुरुवातीच्या उभारणीचा त्यांचा स्वतःचा अंदाज २० कोटी पौंडांच्या आसपास होता. लग्नाच्या खर्चात प्रत्येक पाहुण्यामागे एकेक स्वतंत्र मंडप धरावा, तसा तो गुणाकार होता.

परंतु दुसऱ्या बाजूचा आकडाही तितकाच कच्चा निघाला, आणि तो कसा कच्चा निघाला हे आपल्या चिरंजीवांइतके कोणी जवळून पाहिले नसेल. स्कॉटिश सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये साडेसहाशेहून अधिक पृष्ठसंख्येची श्वेतपत्रिका काढली. तेलाचा भाव पिंपाला सुमारे ११३ डॉलर राहील असे तिच्या हिशेबात धरले होते आणि स्वातंत्र्याचा दिवस म्हणून २४ मार्च २०१६ ही तारीख मुक्रर केली होती. त्या तारखेच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०१६ मध्ये, ब्रेंट तेल, म्हणजे उत्तर समुद्रातील तेलाचा प्रमाणभाव, ३० डॉलरच्या खाली गेले. सरकारी हिशेबानुसार स्कॉटलंडच्या वाट्याचे उत्तर समुद्रातील तेलाचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे १८० कोटी पौंड होते, ते २०१५-१६ मध्ये ६ कोटी पौंडांवर आले. सार्वमताचा कौल उलटा लागला असता, तर नव्या देशाच्या पहिल्या अर्थमंत्र्याला पहिला अर्थसंकल्प अशा वर्षात मांडावा लागला असता.

येथे स्वातंत्र्यवादी जो युक्तिवाद करतात तोही ऐकून घेण्यासारखा आहे. सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी १९७४ साली एक टिपण लिहिले होते. त्यात, तेल हाती आलेल्या स्वतंत्र स्कॉटलंडकडे अडचण वाटावी इतकी शिल्लक जमेल, असा निष्कर्ष होता. ते टिपण गोपनीय ठेवले गेले आणि २००५ साली माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामुळे बाहेर आले. नॉर्वेने आपल्या तेलाचा पैसा राष्ट्रीय निधीत साठवला. ब्रिटनने आलेला पैसा चालू खर्चात वापरला. म्हणून ‘परवडेल का?’ या प्रश्नाचे उत्तर वर्षागणिक बदलते. १९७५ साली ते एक होते, २०१६ साली दुसरे होते, आणि आज तिसरे आहे.

आजचे उत्तर असे. स्कॉटिश सरकार स्वतःच दरवर्षी जमाखर्चाचा जो ताळेबंद प्रसिद्ध करते, त्यानुसार २०२३-२४ मध्ये तेलाचे उत्पन्न धरूनही स्कॉटलंडची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १०.४ टक्के होती, तर संपूर्ण ब्रिटनची ४.५ टक्के. हा आकडा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या स्कॉटलंडचा आहे. स्वतंत्र देश संरक्षणावर कमी खर्च करील, कर वेगळे लावील, असे म्हणता येते आणि ते खरेही आहे. तरी पहिल्या दिवशी सकाळी सरकारी दवाखाने उघडायचे आणि मास्तरांचे पगार करायचे, तर हा फरक कर वाढवून, खर्च कापून किंवा कर्ज काढून भरावाच लागेल. त्यामुळे मी कोणताही आकडा हाती आला की तीन गोष्टी पाहतो: तो कोणत्या वर्षाचा आहे, त्यातले पैसे प्रत्यक्ष कोणाच्या खिशातून जाणार किंवा कोणाच्या खिशात येणार, आणि त्यातला किती भाग अजून न घेतलेल्या निर्णयांवर उभा आहे. स्वातंत्र्याचा खर्च लवकर आणि बऱ्याच अंशी निश्चित असतो, लाभ उशिरा येतो आणि तो सर्वस्वी त्या देशाच्या पुढच्या वागण्यावर अवलंबून असतो. स्लोव्हाकिया १९९३ मध्ये वेगळा झाला तेव्हा चेक भागापेक्षा गरीब म्हणून त्याची कीव केली जात होती. तोच देश पुढे दरडोई मोटार-उत्पादनात जगात अग्रभागी गेला आणि २००९ मध्ये युरो चलनात सामील झाला. मात्र ज्या स्लोव्हाक माणसाची नोकरी १९९३ मध्ये गेली, त्याला २००९ चे सांत्वन पुरेसे होते का, हे त्यालाच ठाऊक.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे. स्कॉटलंडमधील बँका आजही स्वतःच्या नावाने नोटा काढतात, असे वाचले. असे असताना चलनाचा एवढा बाऊ कशासाठी केला जातो? आहे तोच पौंड ठेवावा, नाहीतर स्वतःचा काढावा. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपण बँकेत काम केले आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन बँका नोटा काढतात हे खरे आहे. पण त्यांनी काढलेल्या नोटांमागे बँक ऑफ इंग्लंडमध्ये तेवढ्याच किमतीचे तारण ठेवावे लागते. त्या तारणाचा काही भाग खास नोटांच्या रूपात असतो. त्यांतली एक ‘जायंट’ नावाची नोट १० लाख पौंडांची आणि दुसरी ‘टायटन’ नावाची १० कोटी पौंडांची. ही टायटन नोट टंकलेखनाच्या कागदाएवढी असते, ती कधीही बाजारात येत नाही आणि तिजोरीतच पडून असते. एडिंबरोच्या दुकानात आपल्या हातात पडणाऱ्या दहा पौंडांच्या नोटेवरचे नाव स्कॉटिश बँकेचे असते, पत मात्र लंडनची असते.

आता तीन वाटा राहतात. पहिली म्हणजे लंडनशी करार करून पौंड सामाईक ठेवणे. २०१४ मध्ये स्कॉटिश सरकारचा आग्रह हाच होता. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी एडिंबरोत येऊन सांगितले की, देश सोडून जाणाऱ्याला पौंडही सोडावा लागेल. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही त्यांना दुजोरा दिला. ही पोकळ धमकी आहे, असे स्कॉटलंडचे प्रथम मंत्री ॲलेक्स सामंड म्हणत राहिले. वाटणीनंतर विहीर सामाईक ठेवायची, तर दोन्ही भावांना पाण्याची पाळी पाळावी लागते आणि मोटार जळाली तर खर्च वाटून घ्यावा लागतो. त्यासाठी परस्परांच्या अंदाजपत्रकांवर काहीतरी अंकुश मान्य करावा लागतो. मग ज्या अर्थसत्तेसाठी वेगळे व्हायचे, तिचाच मोठा तुकडा परत द्यावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे परवानगी न घेता पौंड वापरत राहणे, जसा पनामा डॉलर वापरतो किंवा माँटेनेग्रो युरो वापरतो. यात कोणी अडवू शकत नाही. परंतु बँक अडचणीत आली तर अंतिम ऋणदाता, म्हणजे शेवटी तिला पैसे पुरवून तारणारा, कोण? २००८-०९ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने ४,५५० कोटी पौंड ओतले होते. ५४ लाख लोकवस्तीच्या देशाला, तेही नोटा छापण्याचा अधिकार हाती नसताना, एवढी रक्कम उभी करता आली नसती. म्हणूनच सार्वमताच्या आठवडाभर आधी त्या बँकेने कौल स्वातंत्र्याच्या बाजूने लागल्यास आपले नोंदणीकृत कार्यालय लंडनला हलवू असे जाहीर केले.

तिसरी वाट स्वतःच्या चलनाची. माझ्या मते दूरच्या पल्ल्यात हीच सरळ वाट आहे, पण तिच्या तोंडाशीच खड्डा आहे. ग्लासगोतील एखाद्या परिचारिकेने घरासाठी दीड लाख पौंडांचे कर्ज इंग्लंडमधील बँकेकडून घेतले आहे आणि तिचा महिन्याचा हप्ता ८०० पौंड आहे असे समजा. तिचा पगार नव्या स्कॉटिश चलनात सुरू झाला. पहिल्या दिवशी भाव एकास एक होता. वर्षभरात नवे चलन दहा टक्क्यांनी उतरले, तर त्याच ८०० पौंडांच्या हप्त्यासाठी तिला सुमारे ८८९ स्कॉटिश पौंड मोजावे लागतील, आणि पगार तर तेवढाच आहे. हे तिलाही कळते आणि ठेवीदारालाही कळते. म्हणून खरा धोका चलन सुरू झाल्यावर येतो असे नाही. ते येणार अशी कुणकुण लागताच लोक ठेवी सीमेपलीकडे हलवू लागतात.

चेकोस्लोव्हाकियात नेमके हेच घडले. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले, तेव्हा काही काळ चलन एकच ठेवायचे ठरले होते. स्लोव्हाक ठेवीदारांनी आपला पैसा चेक बँकांत नेण्याचा सपाटा लावला आणि ते सामाईक चलन सहा आठवडेही टिकले नाही. ८ फेब्रुवारीला दोन चलने वेगळी झाली. नव्या नोटा पुरेशा तयार नसल्याने जुन्याच मोठ्या रकमांच्या नोटांवर टपाल तिकिटासारखी छोटी तिकिटे चिकटवण्यात आली. बँकांतील माणसे बसून नोटांना तिकिटे लावत आहेत, हे दृश्य आपल्यासारख्या रोखपालाच्या खिडकीमागे उभे राहिलेल्या माणसाला सहज डोळ्यांसमोर आणता येईल. त्याच जुलैमध्ये स्लोव्हाक कोरुनाचे दहा टक्क्यांनी अवमूल्यन झाले. त्यानंतर मात्र दोन्ही चलने आपापल्या पायांवर उभी राहिली.

याहून जवळचे उदाहरण आपल्या नाशिकरोडचे आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे ना मध्यवर्ती बँक होती ना नोटांचा छापखाना. रिझर्व्ह बँकेनेच काही काळ दोन्ही देशांचे काम पाहावे असे ठरले, आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या भारतीय नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ अशी इंग्रजी व उर्दू अक्षरे वरून उमटवून त्या पाकिस्तानात चालवल्या गेल्या. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत चालायची होती. पण अविभाजित भारताच्या रोख शिल्लकीतून पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या ७५ कोटींपैकी ५५ कोटी रुपये काश्मीरच्या लढाईमुळे भारताने रोखून धरले, जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात ते सोडले, आणि एकाच बँकेने दोन भांडणाऱ्या धन्यांची चाकरी करणे अवघड आहे हे सर्वांना कळून चुकले. मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणली गेली आणि १ जुलै १९४८ पासून स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

याच्या अगदी उलट टोकाला आयर्लंड आहे. १९२२ मध्ये वेगळे झालेल्या या देशाने १९२८ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या खऱ्या, पण त्यांचा भाव १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधून ठेवला. राजकीय स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सहा दशके डब्लिनने चलनाच्या बाबतीत लंडनच्या मागे चालणे पत्करले.

स्कॉटिश नॅशनल पक्षाचेही मत बदलत गेले आहे. २०१४ मध्ये सामाईक पौंड, २०१८ मध्ये त्यांच्या आयोगाने सुचवलेला परवानगीविना पौंड, २०१९ च्या पक्षपरिषदेत शक्य तितक्या लवकर स्वतःचे चलन, आणि २०२२ च्या सरकारी टिपणात आधी पौंड व पुढे स्कॉटिश पौंड. विरोधक याला धरसोड म्हणतात. मला ती प्रश्नाच्या अवघडपणाची कबुली वाटते, आणि २०१४ मध्ये ती तितक्याच उघडपणे दिली असती तर बरे झाले असते.

प्रश्न : वेगळे होणाऱ्या देशाने जुन्या कर्जाचा वाटा उचलण्यास नकार दिला तर काय होते? (विधी शाखेचा एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : कर्ज ज्याच्या सहीचे त्याचे, हा सावकारी नियम येथेही लागतो. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने स्पष्ट केले की, स्वातंत्र्याच्या दिवसापर्यंत काढलेल्या सर्व ब्रिटिश कर्जरोख्यांची फेड ब्रिटनच करील. स्कॉटलंडने आपला रास्त वाटा ब्रिटनला द्यावा. म्हणजे रोखेधारक निर्धास्त आणि भांडण दोन सरकारांपुरते. ‘पौंड देत नसाल तर कर्जही घेणार नाही’ असे एडिंबरोतून म्हटले जात होते, आणि कायद्याच्या कागदावर ते बोलणे अगदीच निराधार नव्हते. पण जो देश दुसऱ्याच महिन्यात बाजारात कर्ज मागायला जाणार आहे, त्याने पहिल्याच महिन्यात हात वर करणे महागात पडते.

गंमत अशी की १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेव्हाही कर्जाचाच हिशेब मांडावा लागला होता. इंग्लंडच्या जुन्या कर्जाचा भार स्कॉटिश करदात्यांवर पडणार म्हणून स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग एवढी भरपाई ठरली, आणि तिच्यातला मोठा भाग मध्य अमेरिकेतील डेरियन येथील फसलेल्या वसाहतीत ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांच्याकडे गेला. जोडताना दहा शिलिंगांपर्यंत हिशेब झाला, तर तोडताना तो होणारच.

असल्या हिशेबांचे पुढे काय होते? आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा होताना झालेल्या करारात कर्जाचा वाटा मान्य केलेला होता. डिसेंबर १९२५ मध्ये उत्तर आयर्लंडची सीमा आहे तशी ठेवण्याच्या तडजोडीत तो माफ झाला. म्हणजे पैशाचा सौदा जमिनीच्या मोबदल्यात मिटला. पण जमीनखरेदीच्या कर्जाचे हप्ते आयरिश शेतकऱ्यांकडून वसूल होऊन लंडनला जात होते, ते १९३२ मध्ये आयर्लंडचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी थांबवले. लंडनने आयरिश गुराढोरांवर जकात बसवली, आयर्लंडने ब्रिटिश कोळशावर बसवली, आणि सहा वर्षे दोन्हीकडचा व्यापार होरपळला. १९३८ मध्ये एकरकमी १ कोटी पौंडांवर ते प्रकरण मिटले. भारत-पाकिस्तानच्या बाबतीत सर्व सार्वजनिक कर्जाची जबाबदारी भारताने स्वतःकडे घेतली आणि पाकिस्तानने आपला वाटा भारताला ५० वार्षिक हप्त्यांत द्यावा असे ठरले. ते सुमारे ३०० कोटी रुपयांचे येणे भारत सरकारच्या अर्थसंकल्पीय कागदपत्रांत पुढे अनेक दशके दाखवले जात राहिले. आपण विधी शाखेचे विद्यार्थी आहात, म्हणून एवढेच सुचवतो की, या करारांचा अभ्यास करताना रकमेपेक्षा, हप्ता चुकल्यास काय करायचे हे सांगणारे कलम आधी शोधावे. बहुतेक ठिकाणी ते सापडणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी गेली सात वर्षे ग्लासगोच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला तेथे कायम राहण्याचा परवाना मिळाला आहे, पासपोर्ट मात्र भारतीयच आहे. उद्या स्कॉटलंड वेगळा झाला तर तिचा परवाना, निवृत्तिवेतन आणि इंग्लंडमध्ये जाणे-येणे यांचे काय होईल? मला रात्र रात्र काळजी वाटते. (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : ताई, आधी एवढे ध्यानात घ्यावे की हे उद्या होणारे नाही. लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने दिला आहे. २०१४ च्या योजनेतही मतदान आणि स्वातंत्र्य यांच्यात दीड वर्षाचे अंतर ठेवलेले होते, आणि ते फार थोडे आहे अशीच टीका तेव्हा झाली होती.

आता आपल्या मुलीविषयी. २०१३ च्या श्वेतपत्रिकेत असे म्हटले होते की, स्कॉटलंडमध्ये राहणारे ब्रिटिश नागरिक आपोआप स्कॉटिश नागरिक होतील आणि इतर देशांच्या ज्या नागरिकांनी तेथे किमान दहा वर्षे काढली आहेत व ज्यांचा संबंध चालू आहे, त्यांना अर्ज करता येईल. ते आश्वासन होते, कायदा नव्हता. तरी रोख कोणता आहे हे त्यावरून दिसते. ज्या देशात वृद्धांची संख्या वाढते आहे आणि रुग्णालयांना माणसे हवी आहेत, तो देश परिचारिकेला घालवून देण्याच्या विचारात नसतो. तिने नवे नागरिकत्व घेतलेच, तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो.

निवृत्तिवेतनाबाबत एक गैरसमज सर्वत्र आहे. राष्ट्रीय विम्याची वर्गणी तिच्या पगारातून कापली जाते, पण ती तिच्या नावाने कुठे साठत नाही. आजच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना पैसे दिले जातात. त्यामुळे वाटणीत तिचा वेगळा असा पैसा हलवायचाच नाही, हलायची आहे ती केवळ हमी. आज ती लंडनची आहे, नंतर ती एडिंबरोची असेल आणि तिचे बळ नव्या सरकारच्या करवसुलीइतके असेल. रुग्णालयाच्या नोकरीचे निवृत्तिवेतन वेगळे. त्याचा कारभार आजही स्कॉटलंडच्याच सरकारी संस्थेकडे आहे, तेव्हा तेथे मोठी उलथापालथ संभवत नाही.

माणसांच्या जाण्या-येण्याची मला फारशी चिंता वाटत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात सामाईक प्रवासक्षेत्राची व्यवस्था १९२० च्या दशकापासून चालत आली आहे आणि स्कॉटलंडही तिच्यात राहू इच्छितो. भारतीय पासपोर्टधारकाला दोन्हीकडचे व्हिसाचे नियम पाहावे लागतील, एवढे खरे. मालाची गोष्ट मात्र वेगळी आहे. इंग्लंडशी असलेली सीमा सुमारे १५४ किलोमीटरची आहे आणि स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या मालापैकी व सेवांपैकी सुमारे ६० टक्के ब्रिटनच्याच इतर भागांत जातात. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. स्वतंत्र होऊन तो संघात परत गेला, तर सीमेवरच्या ग्रेटना गावाजवळचा मोटाररस्ता ही संघाची बाहेरची जकातसीमा होईल. आज ट्रकचालकाला ती ओलांडल्याचे एका पाटीवरून कळते. तेव्हा त्याला कागद दाखवावे लागतील. त्याचा परिणाम आपल्या मुलीला किराणा दुकानाच्या बिलात दिसेल, रेल्वेच्या डब्यात दिसणार नाही.

तिला एक काम आत्ताच सांगावे. वेस्ट इंडिजमधून आलेल्या आणि आयुष्यभर ब्रिटनमध्ये राहिलेल्या अनेकांना आपले वास्तव्य सिद्ध करता आले नाही म्हणून नोकरी, उपचार आणि घर गमवावे लागले, हे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले. त्यांच्या आगमनाच्या नोंदीची कार्डे तेथील गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. तेव्हा घरभाड्याचे जुने करार, कौन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) पत्रे, दरवर्षीचे पगारपत्रक आणि परवान्याची प्रत तिने सालवार लावून एका फाइलमध्ये ठेवावी, आणि एक संच नागपूरला आपल्याकडे पाठवावा.